काटा मध्यावरच होता, तरी इंजिन उकळलं! (डॅशबोर्डवरचे काटे आणि दिवे)

घाटवेडा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मागच्या रविवारी रत्नागिरीहून कोल्हापूरला परत येत होतो. साखरपा सोडलं आणि आंबा घाट चढायला लागलो. मे महिना, दुपारचे अडीच, गाडीत चौघं, डिकीत हापूसच्या दोन पेट्या, एसी चालू. गाडी दहा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, ९२,००० किमी झालेली.

अर्ध्या घाटात एसीची हवा कोमट झाली. मग गाडी तिसऱ्या गिअरला ओढेना. मग गुऱ्हाळाजवळून गेल्यासारखा गोड वास यायला लागला. मे महिन्यात कसलं गुऱ्हाळ? बायको म्हणाली, आंबे पिकले असतील.

या सगळ्या वेळात टेंपरेचरचा काटा बरोब्बर मध्यावर होता. घाटात काट्यावर नजर ठेवायची हे बाबांनी शिकवलंय, त्यामुळे मी दर वळणाला बघत होतो. आणि मग एका मिनिटात काटा सरळ वर गेला, लाल दिवा लागला आणि बॉनेटमधून वाफ. गाडी ओढून मलकापूरला नेली. मेकॅनिकने हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवायला लागेल म्हणून सांगितलं आणि वर विचारलं, "काट्याकडं लक्ष नव्हतं का?" हे फार लागलं.

तर प्रश्न असा: काटा खोटं का बोलला? आणि एकूणच डॅशबोर्डवरच्या या मंडळींना नक्की काय माहीत असतं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

खडूस_काका

प्रकाश टाकायचं काम डॅशबोर्ड करतंच की. तुम्ही दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या. :)

जुन्या गाड्या बऱ्या होत्या. काटा हलायचा, माणूस थांबायचा, रेडिएटरवर ओलं फडकं टाकायचा, वडापाव खायचा, पुढे निघायचा. आता सगळं कॉम्प्युटर.

सई_के

धागाकर्ते, काटा खोटं बोलला नाही. त्याला तसं बोलायला शिकवलेलं असतं. मी काही वर्षं चाकणला क्लस्टर बनवणाऱ्या कंपनीत काम केलंय (क्लस्टर म्हणजे स्टिअरिंगमागचा तो सगळा काटे-दिव्यांचा डबा), म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कुलंटच्या, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या, वाटेत एक सेन्सर बसवलेला असतो. आत थर्मिस्टर. गार असताना त्याचा विद्युतरोध जास्त, गरम होईल तसा कमी. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा मुख्य कॉम्प्युटर, तो रोध मोजून तापमान ठरवतो. इथपर्यंत सगळं प्रामाणिक आहे, ईसीयूला तापमान अंशा-अंशाने कळतं.

गंमत त्यापुढे आहे. चालत्या इंजिनाचं तापमान स्थिर नसतंच. थर्मोस्टॅट (कुलंटला रेडिएटरकडे सोडणारी झडप) साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडायला लागतो, ट्रॅफिकमध्ये ते ९८-१०० पर्यंत चढतं, पंखा लागतो, परत ९२ वर येतं. जुन्या गाड्यांमध्ये काटा हे सगळं दाखवायचा. मग लोक सर्व्हिस सेंटरला यायचे, "काटा हलतोय, काहीतरी गडबड आहे." गडबड काहीच नसायची. म्हणून बऱ्याच कंपन्यांनी काट्याला मधे एक मोठा पट्टा दिला. त्या पट्ट्यात तापमान काहीही असो, काटा मध्यावरच. पट्टा संपला की मात्र काटा झेपावतो. तुम्हाला जे "एका मिनिटात" वाटलं ते इंजिनाच्या दृष्टीने बराच वेळ चाललेलं असणार.

आणि एसी कोमट झाला म्हणालात ना? इंजिन फार तापलं की ईसीयू एसीचा कॉम्प्रेसर बंद करतो, इंजिनावरचा भार कमी करायला. म्हणजे ईसीयूला कळलं होतं. त्याने एसीला सांगितलं, तुम्हाला सांगितलं नाही.

घाटवेडा

सईताई, शेवटचं वाक्य वाचून डोक्याला हात लावला. म्हणजे एसी हाच माझा खरा काटा होता!

कोथरूडकर

सई_के यांच्याशी सहमत, पुराव्यासकट. माझ्या गाडीत ओबीडीच्या, म्हणजे इंजिनाच्या तपासणीच्या, सॉकेटला लावायचं ब्लूटूथ डोंगल आहे. सॉकेट स्टिअरिंगच्या खाली असतं, फोनवर अ‍ॅप उघडलं की आकडे दिसतात. मुद्दाम बघत बसलो होतो. ७६ ला काटा मध्यावर येऊन बसला. चांदणी चौकाच्या ट्रॅफिकमध्ये १०३ झालं, काटा तसाच. पंखा लागून ९४, काटा तसाच. माझ्या गाडीत हा काटा म्हणजे एक चित्र आहे असंच मी धरतो.

जुनाफिटर

सगळं बरोबर आहे पण एक राहिलं. सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं सांगतो. पाणी खाली गेलं की तो कोरडा पडतो, हवेत लोंबकळतो. हेड भाजत असतं आणि सेन्सर म्हणतो मी बराय. मग एकदम वाफेचा लोट आला की काटा उडतो. चाळीस वर्षांत अशी किती हेडं फेस मारायला, म्हणजे घासून सपाट करायला, पाठवली त्याचा हिशेब नाही.

घाटवेडा, पाणी किती भरावं लागलं विचारा. आणि निघताना पाणी बघितलं होतं का?

घाटवेडा

फिटरकाका, विचारलं. साडेतीन लिटर गेलं म्हणतो. निघताना बॉनेटमधली जादा पाण्याची बाटली बघितली होती हो! मिनिमम आणि मॅक्झिममच्या बरोब्बर मधे पाणी होतं.

जुनाफिटर

बाटली नुसतीच भरलेली असते. रेडिएटर गार झाला की त्याने बाटलीतलं पाणी ओढून घ्यायचं असतं. होज पाइपला बारीक चीर असेल, नाहीतर झाकणाचं रबर गेलं असेल, तर तो पाण्याऐवजी तिथून हवा ओढतो. बाटली भरलेली, रेडिएटर रिकामा. ज्या गाडीला रेडिएटरवर वेगळं झाकण आहे तिथे सकाळी इंजिन गार असताना झाकण काढून आत बघायचं. गरम असताना हात लावायचा नाही. आत दाब असतो, तोंडावर येतं. माझ्या डाव्या हाताला अजून खूण आहे.

सई_के

फिटरकाका, मान्य. पण साडेतीन लिटरमध्ये उकळून बाहेर गेलेलंही आलं. आधी किती कमी होतं हे त्यावरून नाही सांगता येणार. एसी बंद केला त्या वेळी सेन्सर ओला होता, नाहीतर ईसीयूला कळलंच नसतं. माझा अंदाज: आधी पट्ट्याने फसवलं, नंतर कोरड्या सेन्सरने.

जुनाफिटर

असेल. पण सुरुवात पाइपापासून.

मोपेडवाली

मस्त चर्चा. मला एक बाळबोध प्रश्न आहे. पेट्रोलचा काटा फुल टाकीनंतर ८०-९० किमी हलतच नाही आणि अर्ध्याच्या खाली गेला की धबाधबा उतरतो. पंपवाला चोर की काटा?

सई_के

दोघंही नाहीत. :) टाकीत एक तरंगता गोळा असतो, दांडीवर. दांडी हलली की रोध बदलतो, त्यावरून पातळी ठरते. टाकी गळ्यापर्यंत भरलीत की गोळा छताला टेकतो, वरचं दोन-तीन लिटर त्याला दिसतच नाही. ते संपेपर्यंत काटा ढिम्म. शिवाय टाकी काही चौकोनी डबा नसते, सीटखाली जागा मिळेल तशी वळवलेली असते. तळाशी निमुळती असेल तर तितकीच पातळी उतरायला कमी पेट्रोल पुरतं.

आणि वळणावर पेट्रोल हेलकावतं तरी काटा नाचत नाही, कारण तो मुद्दाम मंद केलेला असतो. जुन्या गाड्यांत काट्यामागे दोन धातूंची जोडपट्टी असायची, तिच्यावर तार गुंडाळलेली. तार तापायची, पट्टी वाकायची, काटा सरकायचा. म्हणून चावी फिरवल्यावर काटा म्हाताऱ्यासारखा हळूहळू उठायचा. आता तीच संथपणाची नक्कल सॉफ्टवेअर करतं. खडूस_काका, तुमचे जुने काटेही काही फार तत्पर नव्हते.

खडूस_काका

नव्हते. पण आळशी होते, लबाड नव्हते.

म्हापशेकार

ती "अजून इतके किमी जाल" दाखवणारी रेंज तर त्याहून नमुनेदार. आजऱ्याहून सावंतवाडीला येताना आंबोलीत रेंज १८० होती. घाट उतरून दाणोलीला पोचलो तर २३०! पेट्रोल न भरता पन्नास किलोमीटर वाढले. मुलगा म्हणाला, बाबा, असंच उतरत राहू या, पणजीपर्यंत टाकी फुल होईल.

कोथरूडकर

:D ती मागच्या काही किलोमीटरच्या सरासरीवर हिशेब करते. उतारावर पाय ॲक्सिलरेटरवर नसतो, सरासरी वाढते, तिला वाटतं आता जन्मभर उतारच आहे.

रच्याकने (म्हणजे जाता जाता), काट्याशेजारी पेट्रोलपंपाचं चित्र असतं, त्याच्या बाजूला छोटा त्रिकोण असतो. तो ज्या बाजूला, त्या बाजूला टाकीचं झाकण. हे मला गाडी घेतल्यावर सहा वर्षांनी कळलं.

मोपेडवाली

अरे देवा! मला आज कळलं. आत्ता खाली जाऊन बघून आले. आहे त्रिकोण.

ऊसवाला

राम राम. आमच्याकडं ट्रॅक्टरला किलोमीटरचं कोण बघत नाही, तासाचं मीटर बघायचं. ऑइल बदली तासावर. आता गंमत सांगतो. जुन्या ट्रॅक्टरचं तासमीटर केबलवर चालतं, घड्याळावर नाही. इंजिन ठरलेल्या आरपीएमला फिरलं तरच मीटरचा एक तास म्हणजे खरा एक तास. रेस कमी ठेवून ट्रॉली ओढली तर दीड तासाला पण तेवढे आकडे पडत नाहीत. भाड्यानं नांगरट देताना यावरून लई भांडणं झाल्यात. मी हातातल्या घड्याळावर हिशेब करतो.

एसटीचा_पोरगा

आमचे वडील एसटीत चालक होते. ते म्हणायचे, स्पीडचा काटा बंद असला तरी गाडी नेता येते, हवेचा काटा बंद असेल तर डेपोतून हलायचं नाही. एअर ब्रेकच्या गाडीत ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात. पहाटे इंजिन चालू करून हवा भरेपर्यंत थांबायचं. "सहा किलो झाली का बघ" म्हणजे काट्यावर सहा. घाट उतरताना सारखा ब्रेक मारला की हवा खाली यायची, आणि फारच उतरली की बझर ओरडायचा. म्हणून गिअरवर उतरायचं. त्या बझरला ते "सासूबाई" म्हणायचे. (आजी घरात नसताना.)

साताराएक्सप्रेस

घाट उतरण्याचा विषय निघालाच आहे तर. माझ्या गाडीत खंबाटकी उतरताना ब्रेकचा लाल दिवा लागतो, सपाटीला आलं की विझतो. हँडब्रेक पूर्ण खाली आहे. वायरिंग लूज असेल का?

जुनाफिटर

वायरिंग नाही. तोच दिवा दोन कामं करतो, हँडब्रेक ओढलेला आहे हे सांगायचं आणि ब्रेक ऑइल कमी झालंय हे सांगायचं. उतारावर डब्यातलं ऑइल पुढं सरकतं, आतला गोळा खाली बसतो, दिवा लागतो.

आता महत्त्वाचं. ऑइल कमी म्हणून लगेच ओतायचं नाही. ब्रेक पॅड झिजले की पिस्टन पुढं येतात, त्यांच्या मागं ऑइल भरतं, डब्यात कमी दिसतं. आधी पॅड बघा. वरून ऑइल भरलं आणि नंतर नवे पॅड टाकले, तर पिस्टन मागं ढकलताना डबा उतू जातो आणि ते ऑइल रंग खातं. पॅड चांगले असतील तर मग गळती शोधा. आजच दाखवा, रविवारची वाट बघू नका.

साताराएक्सप्रेस

काका, दाखवलं. पुढचे पॅड पत्र्याला टेकायला आले होते. साष्टांग नमस्कार.

निशिगंधा_नाशिक

दिव्यांच्या रंगांचं कोणी लिहिलं नाही अजून. मी गाडी शिकले तेव्हा सरांनी इतकंच सांगितलं होतं: हिरवा-निळा म्हणजे काहीतरी चालू आहे, पिवळा म्हणजे दाखवून घ्या, लाल म्हणजे थांबा. पण माझा प्रश्न वेगळा आहे. तो तेलाच्या झारीचा लाल दिवा. भावाने "ऑइल थोडं कमी असेल, नाशिकला जाऊन टाकू" म्हणत कसारा घाट चढवला आणि इंजिन सीझ, म्हणजे जाम, झालं. थोडं कमी असल्याने इतकं होतं?

जुनाफिटर

ताई, तो दिवा ऑइल किती आहे ते सांगत नाही. दाब नाही हे सांगतो. सगळ्यांनी हे एवढं लक्षात ठेवा.

सई_के

बरोबर. तिथे सेन्सरही नसतो बहुतेक वेळा, साधा स्विच असतो. दाब ठरावीक मर्यादेच्या खाली गेला, बऱ्याच गाड्यांत अर्ध्या बारच्याही खाली, की स्विच जोडला जातो आणि दिवा लागतो. क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, बेअरिंगवर टेकून फिरत नाही, दाबाच्या तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. दाब गेला की तो थर गेला, आणि धातूवर धातू. मग मिनिटांचा खेळ. म्हणून हा दिवा चालत्या गाडीत लागला तर इंजिन बंद, तिथल्या तिथे.

वळणावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर क्षणभर लुकलुकला तर ऑइल खरंच फार कमी असू शकतं, ते एका बाजूला सरकतं आणि पंपाच्या तोंडाशी हवा येते. ती शेवटची सूचना समजा. पातळी बघायला मात्र डिपस्टिकच.

कोथरूडकर

बॅटरीच्या दिव्याचंही तसंच. चित्र बॅटरीचं, तक्रार आल्टरनेटरची, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राची. जुन्या वायरिंगमध्ये तर फार सुंदर युक्ती होती: दिव्याचं एक टोक बॅटरीला, दुसरं आल्टरनेटरला. आल्टरनेटर चालला की दोन्ही टोकांना सारखाच विद्युतदाब, वीज वाहायला कारण नाही, दिवा विझतो. ना सेन्सर, ना कॉम्प्युटर. चालत्या गाडीत हा लागला आणि टेंपरेचरही वर जायला लागलं तर आल्टरनेटर फिरवणारा बेल्ट तुटलाय का बघा. काही गाड्यांत तोच बेल्ट पाण्याचा पंपही फिरवतो.

पिवळादिवा_पीडित

माझ्या सदस्यनामावरून कळलंच असेल. चेक इंजिनचा पिवळा दिवा. एकाने डोंगल लावून कोड काढला, पी ०१७१. "ऑक्सिजन सेन्सर गेलाय" म्हणून नवा टाकला, ७,००० रुपये. चार दिवसांनी दिवा परत.

सई_के

पी ०१७१ म्हणजे "मिश्रण पातळ आहे", हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. हे तुम्हाला सांगितलं कोणी? बहुतेक त्या ऑक्सिजन सेन्सरनेच. आग लागली म्हणून ओरडणाऱ्याला कामावरून काढलंत. हवेच्या पाइपला चीर, इनटेकला गळती, टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा कमी दाब, इंजेक्टर तुंबलेला, यातलं काहीही असू शकतं. कोड कुठे बघायचं ते सांगतो, काय बदलायचं ते नाही.

पिवळादिवा_पीडित

एअर फिल्टरच्या मागची रबरी नळी उंदराने कुरतडली होती. खर्च ३५० रुपये. सोसायटीच्या पार्किंगमधल्या उंदराला माझ्याकडून आतापर्यंत ७,३५० रुपये.

कोथरूडकर

एक जोड: हाच पिवळा दिवा नुसता पेटलेला असेल तर जवळच्या गॅरेजपर्यंत सावकाश जाता येतं. लुकलुकत असेल तर नाही. तेव्हा एखाद्या सिलिंडरमध्ये जाळ होत नसतो, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेतल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो लाल होऊन वितळायला लागतो. तो बदलायची किंमत विचारू नका.

खडूस_काका

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी माझंही एक योगदान, म्हणजे नुसता टोमणे मारतो असं व्हायला नको. चावी अर्धी फिरवली, इंजिन चालू केलं नाही, की सगळे महत्त्वाचे दिवे पेटले पाहिजेत. ती त्यांची हजेरी असते. इंजिन चालू झाल्यावर एकेक विझतात. हजेरीला चेक इंजिन किंवा एअरबॅगचा दिवा लागलाच नाही तर गाडी निरोगी आहे असं समजू नका. कोणीतरी बल्ब काढलाय, नाहीतर मागून काळी चिकटपट्टी लावली आहे. भाच्याला गळ्यात मारली जाणारी एक गाडी मी अशीच पकडली. काही बहाद्दर त्याची वायर शेजारच्या दिव्याला जोडून टाकतात, म्हणजे दोघं बरोबर पेटतात, बरोबर विझतात. तेव्हा ते विझतात कधी तेही बघा. जोडीने विझणाऱ्यांवर लक्ष ठेवा.

निशिगंधा_नाशिक

काका, हे मात्र वाचनखूण साठवून ठेवण्यासारखं!

मोपेडवाली

आणि स्पीडोमीटर? माझ्या फोनचा जीपीएस ७४ दाखवतो तेव्हा काटा ८० वर असतो.

सई_के

तोही मुद्दाम. संयुक्त राष्ट्रांचा जो नियम युरोपात पाळतात त्यात काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही, जास्त दाखवलं तर एका मर्यादेपर्यंत चालतं: खऱ्या वेगाचा दहावा भाग अधिक ४ किमी. टायर झिजतात, हवा कमी-जास्त होते, मग कंपन्या आधीच थोडं वर ठेवतात.

जुन्या स्कूटरच्या स्पीडोमीटरवर मात्र माझं प्रेम आहे. चाकाकडून आलेली केबल एक लोहचुंबक फिरवते. त्याला न टेकता, अगदी जवळ, अल्युमिनिअमची वाटी. अल्युमिनिअमला चुंबक चिकटत नाही, पण फिरत्या चुंबकामुळे त्याच्यात भोवरे-प्रवाह तयार होतात आणि वाटी चुंबकामागे ओढली जाते. केसासारखी स्प्रिंग तिला मागे खेचते. या ओढाताणीत वाटी जिथे थांबते तो तुमचा वेग. १९०२ मध्ये जर्मनीत ऑटो शुल्त्सेने याचं पेटंट घेतलं आणि शंभर वर्षं जगभर हेच चाललं.

खडूस_काका

बघा, म्हणजे जुनंच बरं होतं.

सई_के

काका, तोही जास्तच दाखवायचा. :)

घाटवेडा

दहा दिवसांनी अपडेट देतोय. खालच्या होज पाइपला, क्लॅम्पच्या अगदी कडेला, नखाएवढी चीर सापडली. हेडला बाक आला होता, फेस मारून घेतलं, गॅस्केट, थर्मोस्टॅट, पाइप, कुलंट सगळं धरून १८,४०० रुपये. फिटरकाका जिंकले, सईताईही जिंकल्या, मी हरलो.

डोंगल घेतलं. काल मुद्दाम त्याच घाटाने गेलो. बायको फोन हातात धरून क्रिकेटच्या स्कोअरसारखे आकडे वाचत होती: ९३, ९६, ९९, पंखा लागला, ९५. सर्वात जास्त १०१. काटा? मध्यावर.

जुनाफिटर

छान. नवा पाइप कुठल्या क्लॅम्पने बसवलाय? मूळचा स्प्रिंगचा की स्क्रूचा? स्क्रूचा असेल आणि जास्त आवळला असेल तर तिथेच परत कापेल.

घाटवेडा

थांबा, टॉर्च घेऊन बघून येतो.